मेळघाटात पहिली नेमणूक: दोन लहान मुलांना घेऊन जावं का?

घाटवाट | ३ मे

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आम्ही मूळचे मिरजेकडचे, गेली आठ वर्षं पुण्यात. मी एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन. बायको नर्स. बी.एस्सी. नर्सिंग करून तिने सहा वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात काढली. आता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या परीक्षेतून अधिपरिचारिका म्हणून तिची निवड झाली आहे. अर्ज भरताना मंडळ, म्हणजे आरोग्य विभागाचा जिल्ह्यांचा गट, निवडायचं होतं. पुण्याला चुरस फार, म्हणून अकोला मंडळ टाकलं, अमरावती जिल्हा त्यातच येतो. या महिन्यात समुपदेशन आहे, म्हणजे रिकाम्या जागांतून क्रमांकाप्रमाणे जागा निवडायची. रिकाम्या जागांची यादी पाहिली तर हिच्या क्रमांकापर्यंत उरतील त्या जागा बहुतेक मेळघाटातल्याच: चिखलदरा, चुरणी आणि धारणी.

मुलं दोन. लेक पाच वर्षांची, तिला बाळदमा आहे. पावसाळ्यात दोन-तीनदा तरी नेब्युलायझर लावावं लागतं. धाकटा अकरा महिन्यांचा, अजून अंगावर पितो. माझी आई मिरजेला असते, तिला गुडघ्यांचा त्रास आहे, ती येईल असं नाही.

नोकरी कायम आहे, ती सोडायची नाही हे घरात ठरलंय. तिथे जाऊन राहायचं कसं, हे आम्हा दोघांनाही कळत नाहीये. माझा कल चिखलदऱ्याकडे आहे. थंड हवा, स्वच्छ गाव, लेकीच्या छातीलाही बरं पडेल असं वाटतं. मेळघाटात प्रत्यक्ष राहिलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. मुलांची शाळा, त्यांचं आजारपण, घर, आणि मला तिथे काय काम मिळेल, सगळंच.

साधा_प्रश्न | ३ मे

अभिनंदन! पण अकरा महिन्यांचं बाळ घेऊन तिकडे कशाला? वहिनींनी एकटीने रुजू व्हावं, तीन वर्षांनी बदली मागावी. मुलं मिरजेला आजीकडे, तुम्ही पुण्यात. असं करणारी बरीच कुटुंबं आहेत.

परतवाडेकर | ३ मे

भाऊ, मी परतवाड्याचा हाओ. मेळघाटचं दार म्हना आमच्या गावाले. धारनीचा मानूस असो का चिखलदऱ्याचा, त्याले बाजारहाट, गाडीचं काम, डोळ्याचा डॉक्टर, सगळ्यासाठी इथंच उतरा लागते.

एक गोष्ट आधी मनातून काढून टाका. मेळघाट म्हनजे समदा थंड प्रदेश नाही. चिखलदरा वर हाय, ११०० मीटरच्या आसपास, तिथं जानेवारीत शेकोटी सोडून हलावं वाटत नाही. धारनी पार पलीकडं, खाली तापीच्या खोऱ्यात. मे महिन्यात तिथं आमच्या अकोल्या-अमरावतीसारखंच भाजते. चुरनी मधात, जंगलात. तीनही गावं एका घाटाच्या नावाखाली येतात, पन तिन्हीचं रोजचं जगनं येगयेगळं हाय.

रस्ता असा: परतवाड्याहून घटांग, मंग सेमाडोह, हरिसाल आन् धारनी. घटांगच्या तिथून चिखलदऱ्याले फाटा. अमरावतीहून धारनी दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते, यष्टीले चार-साडेचार तास धरा. चिखलदरा परतवाड्यापासून तीस-बत्तीस किलोमीटर, पन घाट. लहान पोरं गाडीत उलट्या करतात, पिशवी जवळ ठेवत जा.

निवृत्त_सिस्टर | ४ मे

मी परिसेविका, म्हणजे वॉर्डची मुख्य सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली अकरा वर्षं मेळघाटात गेली, त्यातली सात दोन मुलांसह. म्हणून थोडं स्पष्ट लिहिते.

मी पहिल्यांदा गेले ते १९९३ नंतरच्या दिवसांत. त्या साली तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरलं होतं. पुढे १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, गावोगाव फिरणारी डॉक्टरांची भरारी पथकं आली, बाळंतपणाआधी गरोदर बाईला दवाखान्याजवळ राहता येईल असं माहेरघर आलं. तेव्हाची आणि आताची स्थिती एक नाही, हे आधी सांगते. पूर्वी गरोदर बाईला खाटेवरून आणायचे. आता १०८ ला फोन लागला तर गाडी येते.

तुमच्या लेकीबद्दल. बाळदमा असलेल्या मुलीला थंड हवा बरी, असं तुम्ही धरून चालला आहात. जुलै ते सप्टेंबर चिखलदऱ्यात ढग घरात येतात, अक्षरशः. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, गादीला वास येतो, भिंतींना बुरशी धरते. ती बुरशी आणि तो ओलावा अशा मुलांना सोसत नाही. पर्यटकांना दोन दिवस जे धुकं गोड वाटतं, ते तीन महिने घरात घेऊन राहावं लागतं. उन्हाळ्यात पाण्याचीही ओढ असते. शिवाय पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. रुग्ण खाली न्यायचा असेल तेव्हा त्या रांगेचा अर्थ कळतो.

तेव्हा तुमच्या जागी मी धारणी मागितली असती. उकाडा सोसावा लागेल. पण धारणीत उपजिल्हा रुग्णालय आहे, म्हणजे बायको रात्रपाळीत अगदी एकटी नसेल. बाजारपेठ आहे, औषधांची दुकानं आहेत, कॉलेज आहे, भाड्याने घर मिळतं. चिखलदऱ्यात खोल्या पुष्कळ, पण त्या हॉटेलच्या. कुटुंबाला वर्षभर द्यायला घरमालक नाखूश असतात.

दुसरं म्हणजे नेब्युलायझर. तो विजेवर चालतो. पावसाळ्यात वीज संध्याकाळी जाते आणि कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. बालरोगतज्ज्ञांना भेटून मास्कचा स्पेसर (पंपाचं औषध छातीत नीट पोचवणारी नळी) आणि दम्याचा पंप लिहून घ्या, वापरायचा कसा ते दोघंही शिकून घ्या. बायको नर्स आहे हे पुरेसं नाही. ती ड्यूटीवर असताना घरी तुम्ही असणार आहात.

रानकवडी | ४ मे

सिस्टरांनी लिहिलेलं खरं आहे. मी थोडं वेगळ्या बाजूने लिहिते.

माझे यजमान वैद्यकीय अधिकारी. आम्ही सातपुड्यातच होतो, पण नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला. दोन वर्षांनी परत आलो. वाघाला भिऊन नाही, पावसाला कंटाळूनही नाही. ते सकाळी आठला जायचे, रात्री कधीही यायचे. त्यांना रोज पन्नास माणसं भेटत होती, लोक हात जोडत होते. मी दीड वर्षाचं मूल घेऊन क्वार्टरमध्ये. शेजारचं क्वार्टर रिकामं, त्याच्या शेजारचंही रिकामं, कारण तिथले कर्मचारी गावातून ये-जा करायचे. आठवडाभर नवऱ्याशिवाय एकाही मोठ्या माणसाशी बोलले नाही असे दिवस गेले. मी बी.कॉम. आहे, पुण्यात हिशेबाचं काम करत होते. ते सुटलं ते सुटलंच. मला काय होत होतं हे मलाच उशिरा कळलं, आणि त्यांना त्याहून उशिरा.

घाटवाट, तुमच्या घरात ती जागा तुमची आहे. तुमची बायको कामात बुडून जाईल, चांगल्या अर्थाने. तुम्ही काय करणार, हे धाग्यात शेवटच्या ओळीत ‘सगळंच’ म्हणून टाकलंय. ते पहिल्या ओळीत हवं होतं.

आणि घर बघताना क्वार्टर किती चांगलं आहे हे नंतर बघा. शेजारच्या घरात रात्री दिवा लागतो का, ते आधी बघा.

घाटवाट | ४ मे

रानकवडी, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी दोनदा वाचला. खरं सांगतो, माझ्या कामाचा विचार मी ‘बघू काहीतरी’ एवढाच केला होता.

सिस्टर, चिखलदऱ्याबद्दल माझा समज पूर्ण चुकीचा होता. तिथे आम्ही लग्नानंतर एकदा गेलो होतो, तेही डिसेंबरात. पंचबोल पॉइंट, गाविलगड, कॉफी पिऊन परत.

खडूफळा | ५ मे

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, धारणी तालुक्यात नऊ वर्षं. माझी दोन्ही मुलं इथेच शिकतात.

शाळेबद्दल आधी. धारणी गावात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही माध्यमं आहेत. पुण्यातल्या शाळेसारखे वर्ग, खेळणी, बस असं काही मनात धरू नका. पण पाच वर्षांच्या मुलीला जे लागतं ते मिळतं. वर्गात कोरकू, गवळी, मराठी, हिंदी, उर्दू बोलणारी मुलं एकत्र असतात. मध्य प्रदेशची हद्द जवळ, त्यामुळे बाजाराची भाषा बहुतेक हिंदीच. पहिल्या महिन्यात लेक गप्प बसेल. तिसऱ्या महिन्यात तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत भांडेल. माझ्या मुलांचं तसंच झालं.

पगाराचं एक सांगतो, कारण यात नवे लोक फसतात. आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार एकस्तर वेतनश्रेणी मिळते, म्हणजे वरच्या पदाचं वेतन. पण ते त्या क्षेत्रात असेपर्यंतच. बदली झाली की मूळ वेतनावर परत. त्या वाढीव पगाराच्या हिशेबावर घराचं कर्ज काढू नका. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींना हप्ता भरताना फार ओढाताण झाली. आणि रुजू झाल्या झाल्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, नाहीतर महिनेच्या महिने फाइल हलत नाही.

मोठी खरेदी, मोठा दवाखाना यासाठी इथले लोक बऱ्हाणपूर आणि खंडव्यालाही जातात. नकाशावर महाराष्ट्राचं टोक आहे म्हणून सगळं अमरावतीलाच असेल असं नाही. पूर्वी अकोला-खंडवा छोटी रेल्वे जंगलातून जायची, आता तिचाही आधार नाही. रस्ता हाच रस्ता.

भरारी०७ | ५ मे

बी.ए.एम.एस., भरारी पथकात पाच पावसाळे काढले. आता नगरला आहे.

चुरणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काम शिकायला चुरणीसारखी जागा नाही. सगळं तुमच्यावर येतं: सर्पदंश, अडलेली बाळंतीण, झटके येणारं मूल. पण लहान मुलांसह, पहिलीच सरकारी नोकरी, नवराही त्या भागात नवीन, तर मी नको म्हणेन. नाल्याला पूर आला की पलीकडच्या गावाचा संपर्क तुटतो आणि तुम्ही अलीकडे अडकता. घरी दोघं मुलं वाट बघत असताना ते सोसणं वेगळं असतं. मी एकटा होतो म्हणून जमलं.

कामाचं कॅलेंडर समजून घ्या. दिवाळीनंतर बरीच कोरकू कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, कापूस वेचायला, वीटभट्टीवर, बांधकामावर. लहान मुलं बरोबर जातात. होळीला परत येतात, कारण होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. काही जण नंतर पुन्हा बाहेर पडतात आणि पेरणीच्या तोंडावर येतात. घरातलं धान्य संपलेलं, जंगलातलं अजून यायचं, अंगणवाडीच्या यादीतून मुलाचं वजन चार महिने सुटलेलं, आणि त्यात जुलैचे जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया. म्हणून तिथे मुलं पावसाळ्यात दगावतात. बायकोला सांगा, पहिला जुलै-ऑगस्ट फार जड जाणार. त्या दोन महिन्यांत घरातलं तिच्याकडून काहीही अपेक्षू नका.

घाटवाट, तुमच्या कामाबद्दल. मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तपासणी सतत चालू असते: आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, ती पॉझिटिव्ह आली की पुढची पक्की चाचणी. लॅबवाल्या माणसाची तिथे खरंच गरज असते. पगार पुण्यासारखा नसेल. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जाहिराती बघत राहा. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेचं रुग्णालय १९९८ पासून आहे, तिथेही चौकशी करा.

साधा_प्रश्न | ५ मे

हे सगळं वाचून तर माझं मत आणखी पक्कं झालं. मुलांना कशाला या सगळ्यात?

घाटवाट | ५ मे

आज हिला लिहायचं आहे. पुढचं तिचं.

मी ‘बायको’. इतके जण आमच्यासाठी वेळ काढून लिहिताय, मनापासून आभार.

साधा_प्रश्न, तुमचा सल्ला काळजीपोटी आहे हे कळतं. पण माझं बाळ अजून अंगावर पितं. मी रोज दुसऱ्यांच्या आयांना सांगणार की सहा महिने फक्त तुझं दूध, आणि दोन वर्षांपर्यंत दूध चालू ठेव. आणि माझं सहाशे किलोमीटरवर बाटलीने पिणार. ते मला जमणार नाही.

दुसरं, मी नाइलाजाने जात नाहीये. सहा वर्षांत चौदाशे ग्रॅमची, बाराशे ग्रॅमची बाळं सांभाळली. वाटी-चमच्याने दूध पाजणं, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं, श्वास मोजणं, हे माझ्या हातात बसलंय. आमच्याकडे बिलाचे आकडे बघून नातेवाईक बाळाला घेऊन निघून जाताना मी पाहिलेत. ती बाळं घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही. जिथे बाळाच्या घरापर्यंत आशाताई जाते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी वजन करते आणि अडलं तर परत आमच्याकडे पाठवते, तिथे मला काम करायचंय.

भीती वाटते. लेकीच्या छातीची सगळ्यात जास्त. पण धारणीबद्दल सिस्टरांनी लिहिलेलं पटलं. समुपदेशनाआधी आम्ही दोघं जाऊन पाहणार आहोत, मुलांना घेऊनच.

निवृत्त_सिस्टर | ६ मे

पोरी, जा. आणि पहिल्या दिवशी वॉर्डात गेल्यावर आधी जुन्या आया-मावश्यांशी ओळख कर. कोणत्या गावची बाई किती दिवसांनी येते, कुणाची सासू ऐकते, कुणाची नाही, हे त्यांना माहीत असतं. कुठल्या रजिस्टरात ते मिळणार नाही.

कोरकूपोरगा | ६ मे

मी धारणी तालुक्यातलाच. कोरकू. अमरावतीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. धागा मित्राने पाठवला.

चांगलं लिहिताय सगळे. फक्त एक. आमच्या भागाचं नाव निघालं की कुपोषण, अंधश्रद्धा, डंबा एवढंच येतं. डंबा म्हणजे बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने चटके देतात. ते वाईटच आहे, मीही माझ्या गावात त्याच्याविरुद्ध बोलतो. पण जी आई डंबा देते तिचं बाळावर प्रेम नसतं असं नाही. रात्री दोन वाजता बाळ रडतंय, पोट टम्म, दवाखाना लांब, भूमका, म्हणजे आमचा गावातला वैदू, शेजारच्या घरात. ती जे हाताशी आहे ते करते. ताई, तिला ओरडू नका. माझी मावशी दवाखान्यातून पळून आली होती, कारण दोन दिवस तिच्याशी तिच्या भाषेत कुणी बोललं नव्हतं आणि जे बोलले ते रागावून.

भाषा शिका. अवघड नाही. कोरो म्हणजे माणूस, कू लावलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसं. डा म्हणजे पाणी. मिया, बारी, आफाई, उफुन, मोनोई: एक, दोन, तीन, चार, पाच. गोळ्या किती घ्यायच्या हे तिला तिच्या आकड्यात सांगितलंत तर ती घरी जाऊन नीट देईल.

आणि भूमकाशी भांडू नका, त्याच्याकडे जाऊन बसा. आमच्या गावात भूमकाच आता आजारी मूल दवाखान्यात पाठवतो.

घाटवाट | १५ मे

परत आलो. पाच दिवस होतो.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने बडनेरा, तिथून अमरावती, मग परतवाडा. परतवाडेकरांनी स्टँडवर येऊन जेवायला घरी नेलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. लेकीला घाटात दोनदा उलटी झाली, पिशवी होती.

चिखलदऱ्यात दोन घरं पाहिली. एकाच्या आतल्या भिंतीवर मे महिन्यातही काळे डाग होते. हिने काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. चुरणीला सकाळी जाऊन संध्याकाळी आलो. तिथल्या सिस्टर एकट्या राहतात, फार मायेने बोलल्या, आणि स्वतःहून म्हणाल्या की मुलं थोडी मोठी झाल्यावर या.

धारणीत दुपारी रस्त्यावर उभं राहवत नव्हतं. पण संध्याकाळी खडूफळा सरांच्या घरी बसलो असताना अंगणात सात-आठ मुलं जमली आणि आमची लेक त्यांच्यात गेली ती जेवायलाच परत आली. त्यांच्याच गल्लीत दोन खोल्यांचं घर आहे, वर पत्रा नाही, स्लॅब. एका बाजूला शिक्षक, दुसऱ्या बाजूला वनविभागातले एक कुटुंब. रानकवडी, रात्री दोन्हीकडे दिवे होते.

एका खासगी लॅबमध्येही बोलून आलो. पुण्याच्या निम्मा पगार. सकाळी आठ ते दोन.

रानकवडी | १५ मे

आठ ते दोन म्हणजे दुपारी मुलांसाठी तुम्ही घरी. घ्या ते काम. आणि आठवड्यातला एक दिवस तुमचा स्वतःचा ठेवा, आधीपासूनच ठरवून.

घाटवाट | २३ मे

समुपदेशन झालं. हिच्या आधीच्या दोघींनी अकोला आणि वाशीम घेतलं. धारणी मिळाली.

भरारी०७ | २३ मे

छान. इन्व्हर्टर घ्या, फ्रिज नंतर घ्या.

घाटवाट | ९ सप्टेंबर

तीन महिने लिहायला जमलं नाही. ज्यांनी विचारपूस केली त्यांच्यासाठी लिहितो.

१२ जूनला ही रुजू झाली. सामान टेम्पोने आलं, पाऊस त्याच्या आधी. पहिले पंधरा दिवस लेक रोज विचारायची, आपण घरी कधी जायचं. मला उत्तर देता यायचं नाही.

जुलैच्या शेवटी एका रात्री हिची रात्रपाळी होती. संध्याकाळपासून वीज नव्हती, इन्व्हर्टर साडेनऊला संपला. साडेअकराला लेकीची छाती वाजायला लागली. फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ते मी याआधी पाहिलं होतं, पण तेव्हा शेजारी ही असायची. स्पेसर काढला, मास्क लावला, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पंप दिला, मोबाइलच्या उजेडात श्वास मोजले. खडूफळा सरांच्या वहिनी धाकट्याला घेऊन बसल्या, सरांनी गाडी काढून ठेवली. पाऊण तासाने ती शांत झोपली. तरीही सरांनी आम्हाला रुग्णालयात नेलंच. ही वॉर्डात एका बाळंतिणीजवळ होती. तिने लेकीला पाहिलं, श्वास ऐकला, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जेमतेम एक मिनिट उभी राहिली. परत आत गेली. सिस्टर, तुम्ही स्पेसरचं लिहिलं नसतं तर त्या रात्री माझ्याजवळ फक्त विजेवरचं यंत्र असतं.

हिच्या कामाबद्दल मी फार लिहू शकत नाही, रुग्णांच्या गोष्टी तिच्या आहेत. एवढंच सांगतो की जुलै-ऑगस्ट भरारी०७ म्हणाले तसेच गेले. दोनदा ती घरी येऊन न जेवता झोपली, एकदा रडली. आणि एकदा चौदाशे पन्नास ग्रॅमचं एक बाळ एकोणीसशेचं होऊन आईच्या लुगड्यात बांधून घरी गेलं. त्या संध्याकाळी तिने शिरा केला.

मी लॅबमध्ये रुळलोय. सिकलसेलच्या शिबिरांना दोनदा गेलो. एका आश्रमशाळेत मुलींची रांग लागली होती. त्यातल्या एकीला नेहमी सांधे दुखतात म्हणून आळशी म्हणायचे. तिची पुढची तपासणी झाली, आजार निघाला, आता गोळ्या चालू आहेत. पुण्यात मी दिवसाला दोनशे नमुने लावत होतो, त्यातला एकही चेहरा मला आठवत नाही.

अवघड काय आहे तेही लिहितो. मिरजेला जायला दोन रात्री लागतात. ऑगस्टमध्ये आईला ताप आला तेव्हा जाता आलं नाही, भावाने पाहिलं. फोन लागतो, पण आत गावात गेलो की लागत नाही. हरिसालला २०१६ साली डिजिटल गाव म्हणून नाव मिळालं, पण जंगलातल्या सगळ्या पाड्यांची ती स्थिती नाही. एकस्तरचा अर्ज दिलाय, फाइल अजून हललेली नाही. पैशाची ओढ जाणवते. माझा स्वतःचा असा दिवस अजून ठरलेला नाही, रानकवडी. पण रविवारी सकाळी सरांबरोबर सिपनेच्या काठाने चालायला जातो.

पुण्यातल्या वाचकांसाठी एक. ‘मैत्री’ संस्थेची धडक मोहीम १९९७ पासून दर पावसाळ्यात मेळघाटात असते, स्वयंसेवक गावात राहतात. ज्यांना इकडे यायचा विचार करायचाय त्यांनी आधी त्या दहा दिवसांत यावं. डिसेंबरात पाहून ठरवू नये, आमच्यासारखं.

लेक काल पायऱ्या मोजत खाली उतरत होती. मिया, बारी, आफाई, उफुन, मोनोई. सहाला अडली आणि शेजारच्या मुलीला विचारायला पळाली.

कोरकूपोरगा | ९ सप्टेंबर

सहा म्हणजे तुरुई. सांगा तिला.

परतवाडेकर | १० सप्टेंबर

दिवाळीले घरी जाता-येता आमच्याकडं मुक्काम. नाही म्हनायचं नाही. बायकोनं वहिनीसाठी सांडोळ्या करून ठेवल्या हायेत.

नवीपालवी | १२ सप्टेंबर

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. मी सोलापूरची, अधिपरिचारिका, प्रतीक्षा यादीतून नाव आलंय, चुरणी दाखवताहेत. मुलगा दोन वर्षांचा, नवऱ्याची नोकरी सोलापुरात. दहा दिवसांत कळवायचंय. काय करू समजत नाही.

घाटवाट | १२ सप्टेंबर

ताई, आधी धारणीला आमच्याकडे या, मुलाला घेऊन. एक खोली मोकळी आहे. चुरणीला मी बरोबर येतो, तिथल्या सिस्टरांशी बोलू, घर आणि शेजार पाहू. ही म्हणते, शनिवारी तिची सुट्टी आहे. बडनेऱ्याला उतरलात की परतवाड्याची गाडी पकडा. पुढची गाडी घाटाची आहे, पिशवी जवळ ठेवा.